जुन्या घाटाचा हिरा आणि त्याची रास्त किंमत

प्रश्न : मी लंडनमध्ये नोकरी करतो. येत्या डिसेंबरात पुण्यात माझा साखरपुडा आहे आणि होणाऱ्या पत्नीला जुन्या घाटाच्या, म्हणजे जुन्या पद्धतीने पैलू पाडलेल्या, हिऱ्याची अंगठी हवी आहे. हॅटन गार्डन या इथल्या जवाहिऱ्यांच्या पेठेतल्या एका दुकानातली अंगठी आम्हा दोघांनाही फार आवडली. ती १९०५च्या सुमाराची आहे, असे दुकानदार सांगतो. हिरा ‘ओल्ड युरोपियन कट’, वजन ‘सुमारे १.१० कॅरेट’, रंग ‘जे-के’ आणि क्लॅरिटी (आतली स्वच्छता) ‘व्हीएस’ असे त्याने चिठ्ठीवर लिहून दिले आहे. प्रयोगशाळेचा रिपोर्ट मात्र नाही. हिऱ्याचा व्यास ६.२५ ते ६.३५ मिलिमीटर आणि उंची ३.९ मिलिमीटर आहे. हिऱ्याचे ६,६०० आणि प्लॅटिनमच्या घडणीचे ६०० असे एकूण ७,२०० पौंड ते मागत आहेत. याच घाटाचा आणि याच वजनाचा हिरा असलेली अंगठी इंटरनेटवर १,४०० पौंडांना दिसते, हे कसे? शिवाय आईने फोटो पाहून ‘हिऱ्याच्या मधोमध डाग आहे, असा हिरा घेऊ नये’ असे सांगितले आहे. रास्त किंमत कोणती हे आम्ही कसे ठरवावे?

उत्तर : तुम्ही हिऱ्याची मापे कळवलीत हे फार बरे केलेत, कारण या व्यवहारातली सर्वांत मोठी शंका त्या आकड्यांतूनच उभी राहते. कोंदणात बसवलेल्या हिऱ्याचे वजन काट्यावर घेता येत नाही, म्हणून जवाहिरे ते मापांवरून काढतात. गोल हिऱ्यासाठी सरासरी व्यासाचा वर्ग करून त्याला उंचीने गुणतात, दोन्ही मापे मिलिमीटरमध्ये धरतात आणि आलेल्या संख्येला पुन्हा ०.००६१ने गुणतात. तुमच्या हिऱ्याचा सरासरी व्यास ६.३ आहे. त्याचा वर्ग ३९.६९ होतो, ३.९ने गुणल्यावर सुमारे १५४.८ येतात आणि वजन निघते ०.९४ कॅरेट. जुन्या घाटाच्या हिऱ्याचे पोट थोडे फुगीर असू शकते, म्हणून ०.००६४ असा सढळ गुणक घेतला तरीही वजन ०.९९च्या वर जात नाही. याच व्यासाच्या हिऱ्यात १.१० कॅरेट भरायचे, तर त्याची उंची निदान ४.३ मिलिमीटर तरी हवी होती. यात लबाडीच आहे असे मी म्हणणार नाही, कारण कोंदणातून उंची मोजताना चूक होऊ शकते किंवा आधीच्या मालकाने सांगितलेला आकडा तसाच पुढे लिहिला गेलेला असू शकतो. पण तुमच्याकडून मागितलेली किंमत त्याच आकड्यावर उभी आहे.

पैशांच्या भाषेत याचा अर्थ काय होतो ते पाहा. हिऱ्याचे ६,६०० पौंड १.१० कॅरेटला मागितले, म्हणजे दर कॅरेटमागे ६,००० पौंड पडला. त्याच दराने ०.९४ कॅरेटचे ५,६४० आणि ०.९९ कॅरेटचे ५,९४० पौंड होतात, म्हणजे केवळ वजनापोटी ६६० ते ९६० पौंडांचा फरक पडतो. बात एवढ्यावर संपत नाही, कारण हिऱ्याचा कॅरेटमागचा दर सर्व वजनांना सारखा नसतो. हिरे बाजारात १९७८पासून वापरात असलेल्या रॅपापोर्ट दरसूचीत ०.९० ते ०.९९ हा एक गट आहे आणि १.०० ते १.४९ हा दुसरा, आणि एक कॅरेटचा उंबरठा ओलांडला की दर एकदम चढतो. तुमचा हिरा उंबरठ्याच्या अलीकडचा निघाला, तर वजनही कमी धरायला हवे आणि दरही. म्हणून ५,६४० किंवा ५,९४० या आकड्यांना तुम्ही वरची मर्यादा समजावे आणि घासाघीस तिथून खाली सुरू करावी.

यावर खात्रीचा उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे हिरा कोंदणातून सुटा करवून काट्यावर ठेवणे आणि नंतर प्रयोगशाळेकडे पाठवणे. जीआयए या हिरे तपासून त्यांची प्रत ठरवणाऱ्या संस्थेसारख्या ठिकाणचा ग्रेडिंग रिपोर्ट सुट्या हिऱ्याचाच मिळतो, त्यामुळे त्या निमित्ताने दोन्ही कामे होतात. हिरा धरून ठेवणाऱ्या शंभर वर्षांपूर्वीच्या प्लॅटिनमच्या नख्या उघडताना तुटू शकतात आणि हिऱ्याच्या पातळ कडेला टवका जाऊ शकतो. म्हणून हे काम विक्रीच्या आधी, दुकानदाराच्या जबाबदारीवर आणि त्याच्याच कारागिराकडून व्हायला हवे. रिपोर्टचा खर्च निम्मा उचलण्याची तयारी तुम्ही दाखवावी, ते रास्त ठरेल. दुकानदाराने हिरा काढायला साफ नकार दिला, तर मापांवरून येणाऱ्या सर्वांत कमी वजनालाच पैसे द्यावेत, हे तुमचे ठाम म्हणणे असावे.

आता जुन्या घाटाबद्दल. रॅपापोर्टची सूची आधुनिक कटाच्या हिऱ्यांसाठी आहे आणि जुन्या घाटासाठी तिच्यात वेगळा तक्ता नाही. जीआयए २००६पासून कटाचा दर्जा देते, पण तो केवळ आजच्या गोल ब्रिलियंट हिऱ्यांना. ओल्ड युरोपियन किंवा ओल्ड माइन कटाच्या हिऱ्याच्या रिपोर्टवर कटाचा दर्जा नसतोच. त्यामुळे ‘एक्सलंट कट’ पाहून निश्चिंत होण्याची सोय इथे नाही आणि घाटाचा चांगुलपणा डोळ्यांनीच पारखावा लागतो. सूर्यप्रकाशात, खिडकीजवळच्या सावलीत आणि रात्री मंद दिव्याखाली, अशा तीन ठिकाणी हिरा पाहायला मिळाल्याशिवाय तुम्ही मत बनवू नये. दुकानाच्या छतातले प्रखर दिवे कोणत्याही हिऱ्याला चमकवतात. जुना सुबक हिरा मंद उजेडात मोठ्या, ठळक ठिणग्या टाकतो. त्याच्या पैलूंची नक्षी वरून पाहताना बुद्धिबळाच्या पटासारखी उजळ-गडद चौकटींची दिसते आणि बोट हलवले की त्या चौकटी आपसांत जागा बदलतात. पैलू ओबडधोबड पडलेले असतील तर काही भाग काचेसारखा निर्जीव राहतो आणि बोट हलवूनही जागा होत नाही. असा हिरा जुना असला तरी स्वस्तच मिळायला हवा, कारण जुनेपणाने त्याचे निस्तेजपण भरून निघत नाही.

या घाटाची ठेवण कशी झाली हे कळले, तर मोल करणे सोपे जाते. हिऱ्याला यंत्रावर घासून गोल करण्याची सोय १८७०च्या दशकात बॉस्टनला हेन्री मॉर्स यांच्या कारखान्यात झाली. तोवरचे ओल्ड माइन कटाचे हिरे हाताने घासलेले असल्यामुळे बहुधा गोलसर चौकोनी असत. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या खाणींतून मुबलक कच्चा माल येऊ लागल्यावर गोल ओल्ड युरोपियन कटाचा काळ सुरू झाला आणि १९१९मध्ये अभियंते मार्सेल टॉल्कोव्हस्की यांनी प्रकाशाच्या गणितावर आधारलेली प्रमाणे मांडल्यानंतर तो हळूहळू मागे पडत गेला. जुन्या कारागिराला कच्च्या खड्याचे वजन वाचवायचे असे, म्हणून माथा (क्राउन) उंच, वरचे टेबल, म्हणजे मधला सपाट पैलू, लहान आणि पोट खोल राहिले. परिणामी एक कॅरेटचा जुना हिरा बहुधा आधुनिक एक कॅरेटपेक्षा बोटावर लहान दिसतो. आधुनिक हिऱ्याचा व्यास साधारण साडेसहा मिलिमीटरच्या आसपास असतो आणि जुन्याचा पुष्कळदा त्याहून कमी भरतो. तुम्ही पैसे वजनाचे देता आणि पाहणारा व्यास पाहतो, हे भान ठेवून दोन अंगठ्यांची तुलना करावी. तुमच्या हिऱ्याचे एक चांगले आहे, ते असे की ०.९४ कॅरेटला ६.३ मिलिमीटर व्यास म्हणजे त्याच्या वजनात काहीही लपून बसलेले नाही.

आईंना दिसलेला डाग बहुतेक डाग नसावा. आपल्याकडच्या रत्नपरीक्षेत हिऱ्याचे जे दोष सांगितले आहेत त्यांत बिंदू म्हणजे ठिपका आणि काकपद म्हणजे कावळ्याच्या पायासारखी खूण हे येतात, आणि आईंच्या मनात तेच आले असणार. त्यांनी फोटोवरून एवढे टिपले, याचे मला कौतुक वाटते. जुने कारागीर हिऱ्याचे खालचे टोक तुटू नये म्हणून ते कापून तिथे एक लहानसा सपाट पैलू ठेवत. त्याला क्युलेट म्हणतात, आणि वरून टेबलातून पाहताना तो मधोमध बारीक वर्तुळासारखा दिसतो. दहापट भिंगाने पाहिल्यास क्युलेटची कड रेखीव दिसते, ती बरोबर केंद्रात असते आणि आतून आरपार बोटाची त्वचा दिसते. आतला खरा काळा कण मात्र आकाराने वेडावाकडा असतो आणि त्याचे प्रतिबिंब शेजारच्या पैलूंत पुन्हा पुन्हा उमटते. पुण्यामुंबईच्या जुन्या घरांत जपलेल्या हिऱ्याच्या कुड्यांमध्येही टोक कापलेले असे खडे सापडतात. तुमच्या घरी तशा कुड्या असतील, तर आईंना भिंगाखाली दाखवाव्यात. त्यांची शंका चर्चेपेक्षा त्याने लवकर फिटेल. किमतीच्या दृष्टीने म्हणाल, तर मध्यम क्युलेट हे या घाटाचे लक्षणच आहे. तो फार मोठा असेल आणि हातभर अंतरावरूनही भोकासारखा दिसत असेल, तर मात्र दर कमी व्हायला हवा.

इंटरनेटवरची १,४०० पौंडांची अंगठी ही वेगळीच वस्तू असण्याची दाट शक्यता आहे. जुन्या घाटाला मागणी आल्यापासून सुरतेत आणि इतरत्र त्या घाटाचे हिरे नव्याने पाडले जात आहेत आणि त्यांतले पुष्कळसे प्रयोगशाळेत वाढवलेले असतात. ते रसायनाच्या दृष्टीने हिरेच आहेत आणि घेणाऱ्याला माहीत असून घेतले तर त्यात गैर काही नाही, पण त्यांची किंमत नैसर्गिक हिऱ्याच्या मानाने फारच कमी असते आणि ती गेल्या काही वर्षांत आणखी घसरली आहे. माझी खरी काळजी याच्या उलट बाजूची आहे. नव्याने पाडलेला हिरा जुन्या अंगठीत बसवून जुन्याच्या भावाने विकला जाऊ शकतो, आणि या बाबतीत रिपोर्टवरचे नावही तुम्हाला वाचवणार नाही. टेबल व्यासाच्या ५३ टक्क्यांपर्यंत, क्राउनचा कोन ४० अंश किंवा अधिक, पोटाकडच्या, म्हणजे खालच्या, अर्धपैलूंची लांबी ६० टक्क्यांपर्यंत आणि क्युलेट मध्यम किंवा मोठे, या चारपैकी तीन कसोट्यांना उतरलेल्या गोल हिऱ्याला जीआयए ‘ओल्ड युरोपियन ब्रिलियंट’ म्हणते. तो कधी पाडला याविषयी त्या नावाने काहीच सांगितलेले नसते. रिपोर्टवरून हिरा नैसर्गिक आहे की नाही आणि त्यावर प्रक्रिया झाली आहे का हे कळेल. वयासाठी भिंग लागेल. जुन्या हिऱ्याची कड, म्हणजे गर्डल, घासकामामुळे धुरकट आणि बहुधा पातळ असते, त्यावर कुठेकुठे बारीक टवके असतात आणि पैलूंच्या धारा दुसऱ्या दागिन्यांशी घासून किंचित बोथटलेल्या असतात. कड गुळगुळीत किंवा पैलूदार, धारा तीक्ष्ण, परीघ कंपासने काढल्यासारखा आणि कडेवर लेसरने कोरलेला क्रमांक असे सगळे एकत्र दिसले, तर १९०५ ही गोष्ट मान्य करू नये.

रंगाविषयी चिठ्ठीवर ‘जे-के’ असे लिहिले आहे, आणि हे दोन अक्षरांचे अंतर दिसते त्याहून मोठे आहे. डीपासून झेडपर्यंतच्या श्रेणीत जे हा जवळपास रंगहीन गटातला शेवटचा रंग आहे आणि के हा फिकट छटेच्या गटातला पहिला. दोन्ही अक्षरे लिहिणाऱ्याला मोल मात्र जेचे हवे असते. कोंदणातल्या हिऱ्याचा रंग नेमका ठरवता येत नाही, म्हणून रिपोर्ट येईपर्यंत तुम्ही के धरूनच बोलावे. डोळ्यांच्या आनंदाचा विचार केला, तर जुन्या घाटाला किंचित उबदार छटा शोभते असे माझे स्पष्ट मत आहे, आणि के किंवा एल रंगाचा सुबक हिरा घेऊन वाचलेले पैसे घाटाच्या गुणवत्तेवर खर्च करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. क्लॅरिटीत ‘व्हीएस’मध्ये दोन पायऱ्या येतात, पण नुसत्या डोळ्यांना दोन्ही स्वच्छच दिसतात, तेव्हा तिथे फार वेळ घालवू नये. भेगा भरलेल्या हिऱ्यांना जीआयए ग्रेडिंग रिपोर्ट देत नाही, म्हणजे रिपोर्ट मिळाला की ती एक चिंताही मिटते.

एवढे ठरल्यावर तुलनेला लागावे. एकेकाळी जुन्या घाटाच्या हिऱ्याचे मोल तो नव्याने घासला तर किती वजन उरेल यावरून होत असे, आणि तसे असंख्य जुने हिरे घासले गेल्यामुळेच उरलेल्यांना आज त्यांच्या मूळ रूपात गिऱ्हाईक आहे. सुबक जुन्या हिऱ्याला त्याच वजनाच्या आणि रंगाच्या आधुनिक हिऱ्याइतकी, कधी त्याहूनही जास्त किंमत मागितली जाते. म्हणून आधुनिक हिऱ्याच्या किमतीशी केलेली तुलना एक अंदाज म्हणून उपयोगी आहे, पण निवाडा जुन्याशी जुन्याची तुलना करूनच व्हायला हवा. ०.९० ते ०.९९ कॅरेट, जे ते एल रंग आणि रिपोर्ट असलेले नैसर्गिक ओल्ड युरोपियन हिरे विकणारी लंडनची आणि न्यूयॉर्कची पाच-सात दुकाने शोधून त्यांच्या मागणीच्या किमती लिहून काढाव्यात. मागितलेली किंमत ही मिळालेली किंमत नसते, हे लक्षात ठेवून लिलावांचे निकालही पाहावेत. लिलावात हातोडा पडतो त्या रकमेवर खरेदीदाराला प्रीमियम भरावा लागतो, जो अनेक ठिकाणी चौथ्या हिश्श्याहून कमी नसतो. अंदाजित किमतीत तो धरलेला नसतो आणि निकालात धरला आहे की नाही हे तपासून घ्यावे लागते. निकाल ताजेच घ्यावेत, कारण २०२२नंतर नैसर्गिक हिऱ्यांचे भाव बरेच उतरले आहेत आणि त्याआधीचे आकडे तुमच्याऐवजी दुकानदाराच्या उपयोगी पडतील. नव्या अंगठीशी तुलना करताना तिच्या पूर्ण किमतीत २० टक्के व्हॅट असतो, तर जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला तो केवळ आपल्या नफ्यावर भरण्याची मुभा असते, हेही हिशेबात घ्यावे. विम्यासाठी केलेले मूल्यांकन मात्र तुलनेत मुळीच धरू नये, कारण ती वस्तू हरवल्यास नवी आणायला लागेल ती रक्कम असते आणि ती सहसा चढीच लिहिलेली असते.

अंगठीच्या घडणीचे ६०० पौंड मला जास्त वाटत नाहीत, पण घडण खरोखर त्या काळातली असेल तरच. ब्रिटनमध्ये प्लॅटिनमवर हॉलमार्क उठवणे १९७५मध्ये सुरू झाले, त्यामुळे १९०५च्या प्लॅटिनमवर हॉलमार्क नसणे संशयास्पद नाही. तिथे आधुनिक हॉलमार्क दिसला, तर अंगठी अलीकडची आहे की जुनी अंगठी नंतर तपासून घेतली हे विचारावे. नख्या झिजल्या आहेत का, बोटाकडची पट्टी पातळ झाली आहे का आणि मागे डागकाम झाले आहे का, हे पाहून दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगावा.

शेवटी कागदपत्रांबद्दल. प्रत्यक्ष दुकानात जाऊन घेतलेली वस्तू केवळ मन बदलले म्हणून परत करण्याचा हक्क ब्रिटनच्या कायद्यात आपोआप मिळत नाही. घरबसल्या ऑनलाइन किंवा फोनवर घेतलेल्या वस्तूसाठी मात्र ती हातात आल्यापासून १४ दिवसांची मुदत मिळते. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल, तर २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याखाली पहिल्या ३० दिवसांत ती नाकारून पूर्ण पैसे परत मागता येतात, आणि म्हणूनच पावतीवर वर्णन किती स्पष्ट आहे याला महत्त्व येते. ‘सुमारे’ हा शब्द काढून टाकायला सांगावा. नैसर्गिक हिरा, कोणतीही प्रक्रिया नाही, काट्यावर घेतलेले वजन, रिपोर्टचा क्रमांक, रंग, क्लॅरिटी आणि अंगठीचा अंदाजे काळ हे सर्व पावतीवर दुकानदाराच्या सहीने लिहून घ्यावे. रिपोर्टला काही आठवडे लागू शकतात आणि नंतर हिरा पुन्हा कोंदणात बसवायचा आहे, तेव्हा डिसेंबरचा मुहूर्त गाठायचा असेल तर याच आठवड्यात दुकानदाराशी बोलावे. अनामत रक्कम द्यावी लागली, तर वजन ०.९५ कॅरेटपेक्षा कमी भरल्यास किंवा रंग केच्या खाली गेल्यास ती पूर्ण परत मिळेल, अशी अट तिच्या पावतीवर लिहून घ्यावी.